स्टेंटच्या आत डोकावायचंय? आधी स्टिकर शोधा

मागच्या अंकात सीटी अँजिओबद्दल, म्हणजे हाताच्या शिरेतून डाय (नसा उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध) देऊन काढलेल्या हृदयाच्या नसांच्या सीटीबद्दल लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की ज्यांना आधीच स्टेंट (हृदयाची अरुंद झालेली नस उघडी ठेवणारी जाळी) बसलाय त्यांची गोष्ट जरा वेगळी, त्याबद्दल नंतर कधीतरी. ते 'नंतर कधीतरी' तुम्ही फारच मनावर घेतलेलं दिसतंय, महिनाभर नुसती स्टेंटचीच पत्रं आणि मेसेज. त्यामुळे आज दुसरा विषयच नाही. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. वडिलांना, वय ६८, चार वर्षांपूर्वी दोन स्टेंट टाकले. आता महिनाभर झाला, जिना चढला की छातीत जड वाटतं म्हणतात. परत अँजिओग्राफी म्हटलं की घाबरतात म्हणून आम्ही सीटी अँजिओ करून घेतली. रिपोर्टमध्ये बाकीच्या नसा ठीक लिहिल्यात पण स्टेंटपुढे लिहिलंय की ब्लूमिंग आर्टिफॅक्टमुळे आतलं सांगता येत नाही. मग पैसे कशाचे घेतले? मशीन जुनं होतं का? (सातारा)

उत्तर : आधी एक सांगते मग तुमचा राग बघू. जिना चढल्यावर छातीत जड होतंय ना, मग रिपोर्ट घेऊन या आठवड्यातच कार्डिओलॉजिस्टला दाखवा, माझ्या उत्तराची वाट बघत असाल तर ते आधी करा. आणि बसल्या बसल्या दुखलं, घाम फुटला तर सरळ इमर्जन्सी, तिथे सीटीबिटी काही नाही.

आता ब्लूमिंग. स्टेंट म्हणजे बारीक तारेची जाळी. हल्लीच्या कोबाल्ट क्रोमियमच्या स्टेंटची तार ०.०६ ते ०.०८ मिमीच्या आसपास असते, पूर्वीच्या स्टीलवाल्यांची ०.१४ पर्यंत असायची. सीटी काय करतं तर शरीराचे बारीक बारीक ठोकळे पाडतं आणि एकेका ठोकळ्याला एकच आकडा देतं. पाण्याला ०, हवेला उणे १०००, डाय भरलेल्या रक्ताला साधारण ३५० ते ४५०, आणि धातूला हजारोंनी. नेहमीच्या मशीनमध्ये हा ठोकळा अर्ध्या मिमीच्या आसपास असतो म्हणजे तार त्याच्या सहाव्या हिश्श्याएवढी सुद्धा नाही, तुम्ही म्हणाल मग ती दिसायलाच नको. पण वाटीभर आमटीत एक लवंगी मिरची चुरडून टाकली तर तिखट काय मिरचीपुरतं राहतं का, आख्खी वाटी तिखट होते. तसंच तार ज्या ज्या ठोकळ्यात शिरली तो आख्खा ठोकळा पांढराशुभ्र होतो, वर धातू एक्सरेची कमी ताकदीची किरणं शोषून घेतो त्याच्या काळ्या रेघा वेगळ्याच, आणि त्यात हृदय हलतंय. म्हणून तार आहे त्यापेक्षा कितीतरी जाड दिसते, फुलल्यासारखी, म्हणून ब्लूमिंग.

आता हिशोब करा. दोन्ही कडांनी फुगून प्रत्येकी अर्धा मिमी जागा खाल्ली असं समजू. ३.५ मिमीचा स्टेंट असेल तर मधे अडीच मिमी उरतं, त्यात डाय नीट बघता येतो, आत काही साठलंय का तेही कळतं. २.५ चा असेल तर उरतं दीड मिमी, म्हणजे जेमतेम तीन ठोकळे, त्यातले कडेचे दोन आधीच तिखट झालेले. आता त्या एका ठोकळ्यावरून ब्लॉकेज ४० टक्के की ७० टक्के हे कोणी सांगत असेल तर त्याला हात जोडा आणि दुसरीकडे जा.

म्हणून तुमच्या 'मशीन जुनं होतं का' याला माझं उत्तर, असेलही, पण माझा पहिला प्रश्न तो नसतो. माझा पहिला प्रश्न स्टेंट किती मिमीचा. छातीत दुखण्याबद्दलच्या २०२१ च्या अमेरिकन गाइडलाइनमध्ये सुद्धा स्टेंट आतून बघायला सीटी चालेल असं लिहिलंय ते ३ मिमी आणि त्यावरच्या स्टेंटसाठी. डाव्या मुख्य नसेतला, म्हणजे लेफ्ट मेनमधला स्टेंट सीटीत सगळ्यात छान दिसतो कारण नस मोठी आणि त्या जागी हालचाल कमी. उजव्या नसेचा मधला भाग मात्र एका ठोक्यात सगळ्यात जास्त पळतो. दोन स्टेंट एकमेकांवर चढवलेले असले किंवा फाट्यावर दोन टाकले असले तर तिथे धातू डबल, मग ३ मिमीचा असून पण पंचाईत होते.

हा आकडा तुम्हाला सीटीच्या आधी कोणीतरी विचारायला हवा होता, तो विचारला नाही ही त्या सेंटरची चूक आहे, तुमचा राग तेवढ्यापुरता बरोबर. आकडा सापडतो कुठे तर अँजिओप्लास्टीच्या फाईलमध्ये स्टेंटच्या डब्यावरचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्यावर ३.० × २४ असं काहीतरी असतं, पहिला आकडा रुंदी, दुसरा लांबी. स्टिकर हरवलं असेल तर डिस्चार्ज कार्ड बघा, तेही नसेल तर बिल. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा आणली, साध्या स्टेंटला ७,२६० आणि औषधवाल्याला २९,६०० रुपये, तेव्हाच बिलात स्टेंट वेगळा दाखवायचा, ब्रँड आणि बॅच नंबरसकट, असंही घातलं होतं. बिलावर रुंदी असेलच असं नाही पण बॅच नंबर मिळाला तर हॉस्पिटलच्या रेकॉर्डमधून पुढचं निघू शकतं.

आणि एक काम आजच करा, सेंटरला फोन. विचारा की रॉ डेटा अजून मशीनवर आहे का. तुम्हाला दिलेल्या सीडीत तयार झालेली चित्रं असतात, ज्याच्यापासून ती बनतात तो कच्चा माल मशीनवरच राहतो आणि जागा भरली की काही दिवसांत पुसला जातो. तो असेल तर पेशंटला परत न झोपवता, परत डाय न देता, स्टेंटसाठी वेगळी शार्प चित्रं काढता येतात. हे बहुतेकांना माहीतच नसतं, आणि सेंटरवाले आपणहून सांगत नाहीत.

अजून एक. रिपोर्टमध्ये कधीकधी लिहितात की स्टेंटच्या पुढे डाय पोचलाय म्हणजे स्टेंट उघडा असावा. यावर निर्धास्त होऊ नका. नस बंद झाली तरी शेजारच्या नसांमधून आडवाटेने रक्त मागून येऊन तो भाग भरू शकतं आणि साध्या सीटीला रक्त कुठल्या बाजूने आलं ते कळत नाही.

प्रश्न : मॅडम मी सीटी टेक्निशियन आहे. आमच्याकडे १२८ स्लाइस मशीन आहे, एक्सरेची एकच ट्यूब. स्टेंटचा पेशंट आला की रेडिओलॉजिस्ट सर चिडतात, इमेज खराब आली म्हणतात. परवाच्या पेशंटची पल्स ६२ होती, श्वास पण नीट धरला तरी तेच. प्रोटोकॉलमध्ये काय बदलू? (जळगाव)

उत्तर : असा प्रश्न विचारणारा टेक्निशियन भेटला की मला बरं वाटतं कारण स्टेंटची इमेज निम्मी तुमच्या हातात असते आणि ओरडा मात्र पूर्ण तुम्हाला बसतो.

पल्स ६२ आणि श्वास नीट म्हणजे बहुतेक हालचालीचा दोष नाही, मग गडबड पुढे आहे. माझा पहिला संशय केर्नलवर, म्हणजे रॉ डेटावरून चित्र मऊ काढायचं की शार्प त्या सेटिंगवर. कॉरोनरीच्या प्रोटोकॉलमध्ये जो नेहमीचा मऊ केर्नल सेट केलेला असतो तो साध्या नसेला चांगला, स्टेंटला नाही, तो कडा पसरवतो. स्टेंट असेल तर त्याच रॉ डेटावरून दुसरं रिकन्स्ट्रक्शन (चित्र परत बांधणं) शार्प केर्नलने करायचं, दोन्ही सेट पाठवायचे, मऊ बाकीच्या नसांसाठी आणि शार्प स्टेंटसाठी. शार्प केला की दाणे वाढतात, चित्र रवाळ दिसायला लागतं, त्यासाठी दाणे कमी करणारं इटरेटिव्ह रिकन्स्ट्रक्शन मधल्या लेव्हलला ठेवा, एकदम टोकाला नेऊ नका नाहीतर चित्र मेणासारखं होतं. आणि सरांना सांगा (माझं नाव सांगा हवं तर) की फार शार्प केर्नल तारेच्या आतल्या कडेला खोटी काळी किनार काढतो आणि ती बघून आत चरबी साठलीय असं वाटू शकतं, म्हणून दोन्ही सेट शेजारी शेजारी ठेवून बघायचे, आणि स्टेंट लांबीत बघायचा तसा आडवा कापून पण बघायचा.

मग एफओव्ही, म्हणजे चित्रात किती भाग घ्यायचा ते. हे फुकटचं आहे तरी लोक करत नाहीत. चित्र ५१२ गुणिले ५१२ चं असतं, आख्खी छाती ३५० मिमीत घेतली तर एक पिक्सेल ०.६८ मिमीचा होतो, तेच हृदयापुरतं १८० मिमीत बांधलं तर ०.३५. वरच्या उत्तरातली आमटीची वाटी निम्मी झाली. स्लाइस मशीन देईल तेवढी पातळ, ०.६ किंवा ०.५, आणि एकमेकांवर चढवून, ०.३ च्या इन्क्रिमेंटने, म्हणजे दर ०.३ मिमीला एक. मी अशा सीड्या बघितल्यात ज्यात स्टेंटच्या पेशंटच्या ३ मिमीच्या स्लाइस भरून पाठवल्यात, ३ मिमीच्या स्टेंटला ३ मिमीची स्लाइस, आता काय बोलायचं.

केव्ही, म्हणजे एक्सरे ट्यूबचा व्होल्टेज, बघा. बारीक पेशंटला मशीन आपोआप ८० केव्हीवर जातं, डोस कमी होतो, डाय पण चमकतो, पण धातूचं फुगणं पण वाढतं. स्टेंट असेल तर ऑटोला सोडू नका, सरांना विचारून १०० किंवा १२० वर घ्या, डोस थोडा वाढेल, इथे तो वाढवायला कारण आहे. ड्युअल एनर्जीची (दोन ताकदींच्या एक्सरेची) सोय असेल तर जास्त केईव्हीची, म्हणजे जास्त ताकदीच्या एक्सरेची चित्रं काढून बघता येतात, फुगणं कमी होतं, फक्त त्यात डाय पण फिका पडतो त्यामुळे फार वर गेलात तर स्टेंटची जाळी सुरेख दिसते आणि आतलं काहीच नाही.

डायबद्दल तुम्ही लिहिलं नाही पण विचारते, कॅन्युला (शिरेत लावायची सुई) कुठली लावता? हिरवी, म्हणजे जाड, लावा, फारतर गुलाबी, कोपराच्या खोबणीत, शक्यतो उजव्या हाताला, सेकंदाला ५ मिली आणि मागून सलाईन. वॉर्डातून मनगटावर बारीक निळी लावून पाठवलेला पेशंट तसाच घ्यायचा नाही, सिस्टर रागावल्या तरी.

एवढं सगळं करून विंडो, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत किती आकडे दाखवायचे तो पल्ला, अरुंद ठेवली तर सगळं पाण्यात. स्टेंट बघताना विंडो रुंद, १५०० च्या आसपास, सेंटर ३०० च्या आसपास, म्हणजे तारेचा पांढरेपणा आणि डायचा पांढरेपणा वेगळा कळतो. हे खरं म्हणजे सरांचं काम आहे पण फिल्म तुम्ही काढत असाल तर तुम्हीच करा. आणि एकाच फेजवर (ठोक्यातला कुठला क्षण घ्यायचा ते) थांबू नका, ७५ टक्क्यावर नाही जमलं तर ७० ला, ७८ ला बघा, कधीकधी उजवी नस भलत्याच फेजला स्थिर सापडते.

प्रश्न : मिस्टरांना लेफ्ट मेनमध्ये ४ मिमीचा स्टेंट आहे, डॉक्टरांनी सीटी अँजिओ सांगितलीय. त्यांची पल्स नेहमीच ८५-९० असते आणि दमा पण आहे. सेंटरवाले म्हणाले पल्स कमी करायची गोळी देऊ. घ्यावी का? अजून काय तयारी करायची? (ठाणे)

उत्तर : ४ मिमी, लेफ्ट मेन, वा, अशी केस आली की आम्ही खूष असतो. पण पल्सचं काम करायलाच लागेल. नेहमीचं एक ट्यूबवालं मशीन एक चित्र घ्यायला साधारण १६५ ते १७५ मिलिसेकंद घेतं, दोन ट्यूबवाल्यात ते ६६ पर्यंत आलंय. ६० पल्सला एक ठोका पूर्ण १००० मिलिसेकंदांचा, त्यात हृदय आरामात थांबतं आणि तेवढ्यात फोटो निघतो. ९० ला ठोका ६६७ चा होतो आणि जी ३३३ गेली ती बरीचशी त्या आरामातूनच जातात. म्हणून जाहिरातीत किती स्लाइस लिहिलंय त्याला मी फार भाव देत नाही, पल्स किती खाली आणली ते महत्त्वाचं, ६० च्या आसपास हवी.

नेहमी देतात ती मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर गोळी, दमा असेल तर तिने श्वासनळ्या आवळू शकतात म्हणून सेंटरला पोचल्यावर पहिलं वाक्य 'दमा आहे' हेच. इव्हाब्रॅडिन म्हणून दुसरी गोळी आहे, ती श्वासनळीला हात लावत नाही, तिचा विचार डॉक्टर करतील. घरून स्वतः काही घेऊन जाऊ नका. आदल्या रात्रीपासून चहा कॉफी बंद, हे ठाण्याच्या माणसाला सांगणं सोपं नाही माहितीये मला. क्रिएटिनिनचा (किडनीचा) रिपोर्ट बरोबर ठेवा, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल तर ते पण सांगा.

जिभेखाली नायट्रोग्लिसरिन मारतात, नसा रुंद होऊन नीट दिसाव्यात म्हणून. स्टेंट काही त्याने रुंद होत नाही, धातू तो, पण त्याच्या पुढची मागची नस होते. आता हे मिस्टरांना वाचायला द्या : गेल्या दोन दिवसांत व्हायग्रा किंवा त्या जातीची कुठलीही गोळी घेतली असेल तर ती सांगायची, नाहीतर बीपी धाडकन खाली येतं. बायको, मुलगी बरोबर असली की पुरुष या प्रश्नाला नाहीच म्हणतात, म्हणून मी तरी हा प्रश्न सगळ्यांना बाहेर बसवून विचारते.

श्वास रोखायची प्रॅक्टिस घरी करा, छाती फुटेस्तोवर भरायचा नाही, मध्यम घ्यायचा आणि दहा सेकंद धरायचा. आणि डाय गेल्यावर अंगभर गरम होतं, लघवी झाली की काय असं वाटतं, हे आधीच माहीत असू दे कारण ज्याला माहीत नसतं तो दचकतो आणि तासभर गोळी देऊन खाली आणलेली पल्स त्या क्षणी वीसने उडी मारते.

प्रश्न : स्टेंट आहे पण सीटी अँजिओला डाय लागतो म्हणून भीती वाटते. बिनडायचा कॅल्शियम स्कोअर (नसांत साठलेलं कॅल्शियम मोजतात तो) केला तर चालेल का? (लातूर)

उत्तर : नाही. त्याने स्टेंटच्या आतलं काहीच कळत नाही, आणि ज्या नसेत धातू आहे तिथे स्कोअरला पण अर्थ उरत नाही. पैसे वाचवा.

प्रश्न : मी जर्मनीत असतो. इथे फोटॉन काउंटिंग सीटीबद्दल खूप ऐकतोय, स्टेंट एकदम स्वच्छ दिसतात म्हणे. आई पुण्यात आहे, २.५ मिमीचा स्टेंट आहे. तिला इकडे आणून करून घेऊ का?

उत्तर : जे ऐकलंत ते बरंचसं खरं आहे. सीमेन्सच्या अशा मशीनला, नेओटॉम अल्फाला, सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची परवानगी मिळाली. जुन्या पद्धतीत एक्सरे आधी एका पदार्थावर पडून उजेड होतो, मग त्या उजेडाची वीज होते, आणि एकाचा उजेड दुसऱ्यात जाऊ नये म्हणून मधे बारीक भिंती घालाव्या लागतात. वाटी लहान करायला गेलं की भिंतीच जास्त आणि वाटी कमी. इथे कॅडमियम टेल्युराइडच्या क्रिस्टलमध्ये एक्सरेची थेट वीज होते, एकेक फोटॉन मोजला जातो, त्याची ताकद पण मोजली जाते, भिंतीची भानगड नाही, म्हणून स्लाइस ०.२ मिमीपर्यंत येते. लांबी रुंदी उंची तिन्हीकडून वाटी लहान, मग मिरची तिच्याच वाटीत राहते. ३ मिमीहून लहान स्टेंट, ज्यांच्यापुढे मी वर हात टेकलेत, ते यात बऱ्याचदा वाचता येतात. पल्स आणि श्वास मात्र इथेही लागतोच, उलट बारीक चित्रात हललेलं जास्त बोचतं.

पण आईला विमानात घालून आणायचं का? तिला काही त्रास आहे का ते तुम्ही लिहिलंच नाही. त्रास नसेल तर कशाला. त्रास असेल तर पुण्यात स्ट्रेस थॅलियम किंवा स्ट्रेस इको होते, त्यातून त्या नसेच्या भागाला रक्त कमी पडतंय का ते कळतं, आणि खरा प्रश्न तोच असतो. गरज पडली तर मनगटातून साधी अँजिओग्राफी, त्यात ओसीटी म्हणून नसेच्या आत कॅमेऱ्यासारखी तार घालून बघतात, तिचं बारीकपण १० ते १५ मायक्रॉनचं, म्हणजे ०.०१ ते ०.०१५ मिमीचं, फोटॉन काउंटिंग पण त्याच्या जवळपास येत नाही. व्हिसाचे पैसे आईकडे जायच्या तिकिटाला वापरा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. पाच वर्षांपूर्वी स्टेंट बसला, रोज पाच किलोमीटर चालतो, काही त्रास नाही. गाडीचं सर्व्हिसिंग करतो तसं दरवर्षी सीटी करून स्टेंट तपासून घ्यावा असं मुलगा म्हणतो. (रत्नागिरी)

उत्तर : सर, मुलाला सांगा गाडी बोलत नाही म्हणून सर्व्हिसिंग करावं लागतं, तुम्ही बोलता. रोज पाच किलोमीटर विनातक्रार चालणं ही फुकटची स्ट्रेस टेस्टच झाली म्हणा ना. त्रास नसताना दरवर्षी डाय आणि रेडिएशन घ्यायचं, चांगल्या तंत्राने केलं तरी ते वर्षभरात निसर्गातून मिळतं तेवढं किंवा जास्त असू शकतं, आणि वर ब्लूमिंगमुळे शंकास्पद रिपोर्ट आला की मग त्या शंकेपायी विनाकारण अँजिओग्राफी. लेफ्ट मेनसारख्या जागी स्टेंट असेल तर कार्डिओलॉजिस्ट कधी एखादी सीटी सांगू शकतात, तो त्यांचा निर्णय. गोळ्या बंद करू नका, कोलेस्टेरॉलची तर मुळीच नाही.

ता. क. : अंक छपाईला जायच्या आधी साताऱ्याच्या वाचकाचा मेसेज आला. स्टिकर सापडलं, एक स्टेंट ३.५ × १८, दुसरा २.५ × २८. सेंटरमध्ये रॉ डेटा अजून होता, त्यांनी कुरकुर करत का होईना शार्प केर्नलने परत चित्रं काढून दिली, मोठ्या स्टेंटमध्ये डाय नीट भरलेला दिसतोय असा सुधारित रिपोर्ट आला. छोट्याचं अजून तेच, सांगता येत नाही. कार्डिओलॉजिस्टनी मंगळवारी स्ट्रेस थॅलियम ठेवलीय.